मायच्या भुजलीचं गाव

मी कटकटी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. गोंदियाच्या बाजारात आमचं साड्यांचं छोटंसं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून झालं की उरलेलं सगळं तिखट घरी वाटलं जातं. त्यामुळे सहलीच्या आदल्या संध्याकाळी माय जेव्हा म्हणाली, "मी बी येतो तुमच्या बसमंदी," तेव्हा मी लाटणं पोळपाटावर आपटलंच.

"तू कायले? कचारगडचा डोंगर चढाचा आहे. गुडघे कोनाचे दुखतेत, माहे का तुहे?"

"मी कोठी डोंगर चढतो म्हणलं? मी खाली बसतो."

"खालीच बसाचं तर इतक्या दूर कायले? आपली वसरी का वाईट आहे बसाले?"

माय हसली. ती हसली की मला अजून राग येतो. मग ती पोळीचा घास मोडत अगदी सहज म्हणाली, "मले माह्या भुजलीले पाहाचं आहे. आहे का गेली, तेवढं पाहून येतो."

आता भुजली म्हणजे काय ते सांगायला हवं. मायचं माहेर देवरीचं. तिकडे, छत्तीसगडच्या शिवेला, श्रावणात टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे अंकुर गाणी म्हणत तलावावर शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, नेतात. थोडे अंकुर परत आणतात आणि एकमेकींच्या कानावर खोवतात. ज्या दोन पोरींनी मनापासून ते एकमेकींना खोवले, त्या जन्मभराच्या भुजली झाल्या. सख्ख्या बहिणीत भांडण चालतं, भुजलीत नाही. आणि त्या दिवसापासून एकीनं दुसरीचं नाव तोंडातून काढायचं नाही. भेट झाली की एकीनं "सीताराम भुजली" म्हणायचं, दुसरीनंही तेच म्हणायचं. बस्स.

मायची भुजली मी पाहिलेली आहे. माझ्या लग्नात ती आली होती, उंच, काटक, सगळ्यांना दामटवणारी. हळदीच्या दिवशी तिनं इतकी गाणी म्हटली की आमच्याकडच्या बायकांचे गळे बसले, तिचा नाही बसला. नंतर माय माझ्या भावाकडे नागपूरला राहायला गेली, देवरीचं घर विकलं गेलं, मामा कामाधंद्यानं रायपूरकडे गेले, आणि भुजलीची खबर देणारं कोणी उरलं नाही. माय याच वर्षी माझ्याकडे राहायला आली होती. गोंदियाला आल्यापासून तिचं एकच चाललं होतं. सालेकसा इथून जवळ आहे ना? दरेकसा जवळ आहे ना?

"बरं, नाव सांग तिचं," मी म्हटलं. "कोनाले तरी फोन लावतो. आजकाल फोनवर सारं समजते."

"नाव नाई घेत मी."

"अवो, तिच्यासमोर थोडीच घेतेस? मले सांग. कानात सांग."

"कानात सांगलं तरी तोंडातूनच निघते ना?"

मी रायपूरच्या मामांना फोन लावला. मामा म्हणाले, मी लहान होतो बाई, आम्ही सारेच तिले भुजलीबाई म्हणो. तिचा नवरा? त्याले भाटवा म्हणो, म्हणजे भावजी. आडनाव? तेवढ्यात मामींनी फोन घेतला आणि गोष्ट माझ्या वजनावर गेली. मी फोन ठेवला.

मायला भुजलीच्या सासरच्या गावाचं नाव तेवढं पक्कं ठाऊक होतं. सालेकशाच्या पुढे, दरेकशाच्या वाटेवरून आत. भुजलीच्या लग्नात ती बैलगाडीनं तिथे गेली होती. खूण काय, तर म्हणे गावाले तलाव आहे आणि तलावाच्या पाळीवर महूचं, म्हणजे मोहाचं, झाड आहे. मी म्हटलं, माय, आपल्या जिल्ह्यात तलाव नसलेलं एक गाव दाखव, मी तुले सोन्याची नथ करून देतो. तर ती म्हणाली, नथ राहू दे, बसमधे खिडकी दे.

आमच्या गल्लीची ती सहल म्हणजे एका गुरुजींचं स्वप्न होतं. इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आमच्या समोरच राहतात. शाळा सुटली पण शिकवणं सुटलं नाही. "बाहेरचे लोक अजंठा पाहतात, तुम्ही नागरा तरी पाहिलं काय?" असं ते येता-जाता विचारत, आणि आम्ही बायका माना खाली घालत असू. शेवटी एक छोटी बस ठरली. नागरा, आमगाव, सालेकसा, कचारगड, मग देवरीवरून फिरून नवेगावबांधला सूर्यास्त, आणि जेवायला घरी. गुरुजींनी गळ्यात शिट्टी अडकवली होती. ते पाहूनच मला कळलं की आज माझं आणि त्यांचं वाजणार.

सकाळी थंडी अशी पडली होती की बसच्या काचांवर बोटानं नावं लिहिता येत होती. बसचा ड्रायव्हर गोंदियाचाच, हिंदीत बोलणारा, जाड मफलर गुंडाळलेला. मायनं चढता चढताच त्याला विचारलं, "बेटा, दरेकसा का रास्ता मालूम है ना?" तो म्हणाला, "माताजी, मैं तो उधर आँख बंद करके जाता हूँ।" "आँख उघडी ठेव बाप्पा," माय म्हणाली. पहिल्या पाच मिनिटांत सगळी बस हसली.

नागऱ्याला शंकराचं जुनं दगडी देऊळ आहे. मी गोंदियात इतकी वर्षं काढली, पण तिथे फक्त शिवरात्रीच्या गर्दीत धक्के खाल्ले होते. त्या सकाळी देवळात कोणी नव्हतं. दगडावर कोरलेली माणसं, वेली, हत्ती, सगळं ओलसर काळं दिसत होतं. गुरुजींनी शिट्टी वाजवली आणि सुरू झाले. चुना न वापरता दगडावर दगड कसा बसवला, कुठल्या काळात असं बांधत. खरं सांगते, चांगलं सांगत होते. मी एका खांबावरच्या बाईचा अंबाडा पाहत उभी राहिले. इतका नेटका अंबाडा मला लग्नातही घालता आला नव्हता. एका शेजारणीनं त्या दगडी बाईसोबत आठ-दहा फोटो काढून घेतले आणि म्हणाली, "माह्यापेक्षा तीच चांगली आली वो."

मायनं देवाला हात जोडले, ते जरा जास्तच वेळ. मग बाहेर बेल विकणाऱ्या बाईला विचारलं, "सालेकशाकडची का तू?" ती नव्हती. आमगावला आम्ही तर्री-पोहे खायला थांबलो तर चहावाल्याला विचारलं. तोही नव्हता. पोह्याची प्लेट मात्र तिनं माझ्याकडे सरकवली. "भुजलीच्या घरी जेवीन," म्हणाली.

"आणि ती नसली तर?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मायच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात आमच्याच दुकानातली एक हिरवी साडी होती. माझ्या डोळ्यांदेखत तिनं ती सकाळी निवडून घेतली होती, आणि मी पाहिलं नाही असं दाखवलं होतं. मी ती प्लेट संपवली. राग आला की मला भूक जास्त लागते, आणि तो राग स्वतःवरचा असला तर विचारूच नका.

सालेकसा सोडलं आणि जंगल लागलं. इथून पुढे बसमधली एकही बाई जागेवर बसेना. एका बाजूला धान पिकून पिवळा झालेला, काही बांध्यांत कापून आडवा घातलेला, आणि दुसऱ्या बाजूला साग, मोह, तेंदू. मधेच रेल्वेचे रूळ रस्त्याला भेटायला येत आणि पुन्हा झाडीत शिरत. एकीनं गाणं धरलं, दुसरीनं ते चुकवलं, तिसरीनं दुसरंच सुरू केलं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर ताल धरत होता. मीही गायले. मला गाता येत नाही, पण त्या दिवशी कोणाला येत होतं?

कचारगडाच्या पायथ्याशी पोचलो. ते गोंड लोकांचं मोठं देवस्थान. माघात तिथे अफाट गर्दी होते, आज मात्र झाडं आणि आम्हीच. मायला मी बसच्या सावलीत चटईवर बसवलं, पाण्याची बाटली दिली, ड्रायव्हरला म्हटलं, भैया, जरा ध्यान रखना. आणि चढायला लागले. चढण अंगावर येणारी. गुरुजी पुढे शिट्टी वाजवत, आम्ही मागे धापा टाकत. अर्ध्यावर एकीनं जाहीर केलं की तिला आता देव इथूनच दिसतो. पण गुहेच्या तोंडाशी पोचलो आणि सगळ्यांची बोलती बंद झाली. आत इतकी जागा की आमची गल्ली सगळी मावेल, वर खडकाला मोठं भोक, त्यातून उन्हाचा पट्टा खाली उतरलेला. गारवा. पाखरांचा आवाज. गुरुजीसुद्धा गप्प झाले, यावरून काय ते समजा. मला वाटलं, आपण किती दिवसांनी असं तोंड उघडं टाकून काहीतरी पाहतोय. मला फार आनंद झाला, आणि लगेच मनात आलं की मायनं हे पाहायला हवं होतं.

खाली आलो तर बसचं तोंड फिरवून ठेवलेलं. माय पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी. दोघांच्या हातात पेरू.

"चलिए दीदी," ड्रायव्हर म्हणाला. "पहले माताजी की सहेली के गाँव। मैंने रास्ता पूछ लिया है। मेन रोड से अंदर है, पर गाड़ी जाएगी।"

एवढ्या वेळात मायचं त्याला भुजलीच्या लग्नापासून सगळं सांगून झालं होतं. गुरुजींनी शिट्टी वाजवली. "हे कार्यक्रमात नाही! आत गेलो तर नवेगावबांधचा सूर्यास्त हुकेल!" मी तोंड उघडणार, तोच मागून एक शेजारीण म्हणाली, "गुरुजी, बांध काही पळून नाई जात. म्हातारं माणूस जाते." गुरुजींनी शिट्टी शर्टाच्या खिशात घातली आणि मायला म्हणाले, "बसा माय. मी पुढे उभा राहून रस्ता पाहतो." त्या क्षणापासून मी त्यांच्याशी भांडायचं सोडलं. म्हणजे त्या दिवसापुरतं.

रस्ता कसला, दोन चाकोऱ्या. पण गाव आलं. तलाव होता. पाळीवर महूही होता, एक नाही, चांगले पाच-सहा. माय खिडकीतून पाहत म्हणाली, "हेच." मी म्हटलं, "पक्कं?" ती म्हणाली, "वाटते."

बस पाहून माणसं जमली. एकानं विचारलं, "निवडणूक लागली का?" मी खाली उतरून माझ्या दुकानातल्या आवाजात विचारलं, "देवरीची एक बाई दिली आहे इथे, माझ्या मायच्या वयाची. कुठे राहते?"

"नाव का तिचं?"

मी मायकडे पाहिलं. मायनं आभाळाकडे पाहिलं.

आता आमच्याकडची रीत अशी की सासरी आलेल्या बाईला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही. जिथून आली ते गाव तिला चिकटतं. आमगाववाली, तिरोडावाली. म्हणून मी म्हटलं, "देवरीवाली म्हणत असाल तिले." अगाई! लोकांचे चेहरे उजळले. "देवरीवाली! बोलवा देवरीवालीले!" आणि पाच मिनिटांत आमच्यापुढे तीन देवरीवाल्या उभ्या. एक तर माझ्याहून लहान, कडेवर लेकरू. दुसरी जाडजूड, हातात विळा घेऊन आलेली, काय भांडण आहे ते पाहायला. तिसरीचं वय बरोबर होतं. माय तिच्याजवळ गेली, चेहरा निरखला. त्या बाईनंही मायला निरखलं. दोघी एकमेकींना पाहतच राहिल्या.

"ही नाई," माय म्हणाली.

"मी नाई वो बाई," तीही म्हणाली, आणि तिलाच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलेला एक माणूस तेव्हा बोलला. "अजून एक देवरीवाली होती ना. मागच्या आळीतली म्हातारी. ते तर गेली. पोळ्याच्या आधी."

कडेवरचं लेकरू तेवढं कुरकुरत होतं. मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?" तो म्हणाला, नाव कोनाले माहीत बाई, देवरीवालीच म्हणत सारे. बाकीच्यांनाही विचारलं. कोणालाच ठाऊक नाही. उंच होती का? होती, असं एक म्हणाला. ठेंगणी होती, असं दुसरा म्हणाला. गाणी म्हणायची का? देवरीच्या साऱ्याच म्हणतात, असं विळावाली म्हणाली.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त चीड येत होती. एक बाई त्या गावात नांदली, लेकरं वाढवली, धान रोवला, आणि तिचं नाव गावातल्या एका माणसाला सांगता येऊ नये? आणि जिला सांगता येत होतं ती माझी माय तोंड शिवून उभी! मी तिच्या दंडाला धरलं. "माय, आता तरी सांग. हे काय खेळ आहे का? नाव सांग, म्हणजे घरी जाऊन विचारतो, तेच आहे का दुसरी."

मायनं माझा हात सोडवला. पदर डोक्यावर नीट घेतला. आणि कोणालाही न विचारता मागच्या आळीकडे चालू लागली. दुखऱ्या गुडघ्यांनी, डुलत डुलत. आणि चालता चालता तिनं हाक दिली.

"सीताराम भुजली!"

साध्या आवाजात नाही. रानात गुरं हाकताना देतात तशी, लांबवून. आम्ही सगळ्याच मागे निघालो. पहिलं घर गेलं. दुसरं गेलं. दारांतून माणसं पाहत होती. "सीताराम भुजली!" कोणी हसलं नाही. गुरुजी चष्मा पुसत होते. आळी संपत आली. पुढे नुसती खळी होती, धानाचे ढीग, आणि त्यापलीकडे जंगल. मायचा आवाज फाटायला लागला होता. तिसऱ्यांदा हाक दिली ती जवळजवळ रडूनच.

आणि ढिगाऱ्यामागून, सुपात पाखडण्याचा आवाज न थांबता, एक खणखणीत गळा आला.

"सीताराम भुजली!"

नुसतं सवयीनं. कोण आहे, कुठून आली, काही न पाहता. हाक आली की उत्तर द्यायचं, लहानपणापासून तेच. मग सूप थांबलं. मग धानाच्या ढिगामागून एक उंच, काटक म्हातारी उभी राहिली, केसांत कोंडा, हातात सूप. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोन होय?"

"मी होय," माय म्हणाली. एवढंच म्हणाली.

तिनं सूप फेकलं. खरंच फेकलं, कोंबड्या पळाल्या. आणि दोन ढांगांत येऊन मायला धरून गदागदा हलवलं. "कोठी मेली होती वो इतके दिवस? कोठी मेली होती? मले वाटलं गेली तू! मी तर रडून बी घेतलं तुह्यासाठी!" "मी बी आताच रडून आलो तुह्यासाठी, त्या दुकानाजवळ!" माय म्हणाली. आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या आणि इतक्या रडल्या की आमच्या बसमधल्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. मी तर हुंदके देत होते. मफलरवाला ड्रायव्हर मागे तोंड करून धानाचा ढीग पाहत होता.

पोळ्याच्या आधी गेली ती भुजलीच्या घरामागची, देवरीचीच दुसरी; आणि ही सकाळपासून खळ्यात, म्हणून बोलावणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. "चांगली होती बिचारी," भुजली म्हणाली, आणि आम्हा सगळ्यांना घराकडे हाकत निघाली. अंगणात बाजा टाकल्या. तिच्या सुनेनं प्रत्येकीच्या पायावर पाणी घातलं, एवढ्या जणींच्या, कुरकुर न करता. दुधाचा चहा पुरेना म्हणून काळा आला, त्यात गूळ. कढईभर मुरमुरे आले, तिखट, कांदा घातलेले. मायला मात्र आत बसवून भात, लाखोरीची डाळ आणि वांग्याची भाजी वाढली. माय दोनदा भात मागून जेवली. घरी ती अर्धी पोळी खाते.

मी त्यांच्याजवळच बसले होते. हिरवी साडी भुजलीच्या मांडीवर होती. दोघी कोणाचं काय झालं ते सांगत होत्या. कोण गेलं, कोणाला नातू झाला, कोणाची सून फटकळ. मधेच भुजली साडीच्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "भुजली, एक मागू का?"

"माग ना."

"माहं नाव घे ना एकदा."

मायचा घास हातातच राहिला.

"कोनी घेत नाई वो," ती म्हणाली. "माय-बाप गेले, भाऊ गेले. लग्नात सासऱ्यानं नाव बदलवून टाकलं, कागदावर तेच आहे. पोरांच्या बापानं तर ते बी कधी घेतलं नाई. पोरं माय म्हणतेत, गाव देवरीवाली म्हणते. माहं खरं नाव आता तुलेच माहीत आहे. मी गेलो का संपलं. एकदा आयकाचं आहे मले."

मी मायकडे पाहिलं. मायनं ताटात हात धुतला आणि मान हलवली. "पागल झाली का? नाव घेतलं तर भुजली तुटते. इतकी वर्षं सांभाळली, आता मराच्या वयात तोडू?" भुजली हसली, "बरं राहू दे, मी असंच म्हणलं," आणि उठून मुरमुऱ्यांची कढई बाहेर नेली. पण तिचा चेहरा मी पाहिला होता. मायनंही पाहिला होता.

निघायची वेळ झाली. अख्खी आळी बसपर्यंत आली. मी भुजलीच्या नातवाचा नंबर माझ्या फोनमध्ये घेतला, दोनदा लावून पाहिला, वाजतो की नाही ते. भुजली आणि माय पुन्हा एकदा गळ्यात पडल्या. दोघींनी "सीताराम भुजली" केलं, अगदी रीतीप्रमाणे, आणि माय बसमध्ये चढली. खिडकीशी बसली. ओठ घट्ट मिटलेले. मी विचारलं, "रडते का?" ती म्हणाली, "चूप राय."

बस हलली. तलावाच्या पाळीवरून वळण घेत होती. मागे सगळे हात हलवत होते, आणि सगळ्यांच्या मधे ती उंच म्हातारी, खांद्यावर हिरवी साडी टाकलेली. आणि माझ्या मायनं एकदम खिडकीची काच सर्रकन् सरकवली, अर्धं अंग बाहेर काढलं, आणि जिवाच्या आकांतानं ओरडली.

नाव ओरडली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. एकदा, आणि मग लगेच दुसऱ्यांदा, पहिलं कमी पडलं असेल म्हणून. मी मागून तिची कंबर धरून ठेवली होती. सगळ्या बसनं ते ऐकलं, सगळ्या गावानं ऐकलं. मी ते इथे लिहीत नाही. ते घ्यायचा हक्क एकट्या मायचा आहे, आणि तिलाही तो नव्हता.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला होता. मागे कोणी हलेना. भुजली जागच्या जागी उभी होती, दोन्ही हात गालांवर. एवढ्या दुरून मला तिचे डोळे दिसत नव्हते. मग तिनं हात खाली घेतले, एक बोट उंच केलं, आणि तो खणखणीत गळा तलावावरून आला.

"दंड! दंड लागला तुले! नारळ लागला!"

तेव्हा मला कळलं की या गोष्टीलाही रीत आहे. चुकून नाव तोंडातून निघालंच, तर घेणारीनं भुजलीच्या घरी स्वतः नारळ आणून द्यायचा, दोघींनी तो फोडून खायचा, आणि भुजली पुन्हा जशीच्या तशी. माझ्या मायला हे ठाऊक होतं की आयत्या वेळी आठवलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

"आणून देतो!" माय ओरडली. "मीच आणून देतो! पण नारळ घेतल्याबगर मरू नको!"

"नाई मरत!" भुजली तिकडून ओरडली. "तू ये!"